कानाखालची गाठ

मेंढराच्या कानाखाली गाठ आली की ती कधी चिरायची, हे मला बोटांनी कळायचं. मधोमध दाबून बघायचं, मऊ लागली की पिकली. मग लोकर कातरायची, गाठीच्या खालच्या अंगाला नस्तर लावायचं म्हणजे घाण आपोआप उतरते, आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं. घट्ट, हिरवट, चक्क्यासारखा पू निघतो. आत आयोडिनाची पट्टी भरली की आठवड्यात मेंढरू चरायला मोकळं. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी हे काम करत होतो. कागदावर माझा हुद्दा व्रणोपचारक, लोकांच्या तोंडी कंपोंडर, आणि आमच्याकडचे मेंढरंवाले मला सरळ डॉक्टर म्हणायचे. त्यांना हटकायचं मला कधी सुचलं नाही. लोक अर्ध्या हळकुंडानं पिवळे होतात, मी चिमूटभर हळदीत झालो होतो.

आमचं गाव येलदरीच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. शाळेत गेलेला मी पहिला आणि सरकारी पगार घेणाराही पहिलाच. हे झालं थोरल्या भावामुळे. बाप लवकर गेला. दादानं मेंढरं स्वतःकडे घेतली आणि मला पुढं शिकवलं. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर फार बरं झालं असतं, दोन शब्दांचं भांडण होऊन मन मोकळं तरी झालं असतं. जो माणूस काहीच मागत नाही त्याच्यापुढं धाकट्यानं उभं कसं राहायचं?

बहात्तरच्या दुष्काळात आमची निम्मी मेंढरं गेली. उरलेली जगवण्याच्या धांदलीत दादाच्या उजव्या कानाच्या पाळीखाली गाठ आली, तिकडं कुणी बघितलं नाही. त्यानंही नाही. सुपारीएवढी होती ती वर्ष-दीड वर्षात लिंबाएवढी झाली. कानाची पाळी वर उचलली गेली. पण दुखत नव्हती, आणि आमच्यात दुखेल तेच दुखणं. वहिनी अधूनमधून हळद-चुना लावायची, तो लावू द्यायचा आणि चालू लागायचा.

दुष्काळ सरल्यावरच्या एका उन्हाळ्यात दादाची मेंढरं देवगाव फाट्याजवळ एका शेतात बसवली होती. मेंढरांच्या लेंड्या-मुतानं रान खतावतं म्हणून शेतवाले बोलावून बसवून घेतात. मी ड्युटीवरून गावाकडं निघालो होतो, फाट्यावर उतरून त्याला भेटायला गेलो. दुपार होती. शेतवाला जेवायला गेला होता. आम्ही दोघंच होतो, आणि माझ्या पिशवीत दवाखान्याची हत्यारं होती, कारण सकाळी एका वाडीवर जनावरं बघून मी परस्पर आलो होतो.

"रोज दुनियेच्या मेंढरांच्या गाठी फोडायलास," दादा म्हणाला. "माझी बघ की."

"दादा, तू काय मेंढरू हायस का?"

"मग? त्याला येगळं रगत अन् मला येगळं हाय का?"

मी बोट लावलं. काठापासून काठापर्यंत सारखी टणक. कुठंही मऊ नाही, गरम नाही, जागची हलतही नाही. असली गाठ मेंढराला असती तर मी हात लावला नसता, डॉक्टरसाहेबांना दाखवली असती. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मला कळत नव्हतं असं म्हणून मला सुटता येत नाही. माझी बोटं मला नको म्हणत होती. पण दादा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं काहीतरी मागत होता, आणि मला ते द्यायची घाई झाली होती.

तो पोत्यावर डोकं टेकून कुशीवर झोपला. मी चाकू-चिमटा किटलीतल्या पाण्यात उकळून घेतला, आयोडीन लावलं आणि खालच्या अंगाला दीड इंच चीर दिली. सरळ, एका ओढीत. पू आला नाही. रक्त आलं, आणि चिरेतून पांढरट, घट्ट मांस दिसलं. तिथं थांबायला हवं होतं. मी मेंढराला दाबतो तसं दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. जोर लावून दाबलं. काहीतरी निघालंच पाहिजे, रिकाम्या हातानं कसं उठायचं? दादानं पोत्याचा कोपरा मुठीत धरला. मी पट्टी भरली, फडकं बांधलं.

"पिकली न्हवती अजून," मी म्हणालो.

"पिकंल," तो म्हणाला आणि मेंढरांकडं गेला.

चुकलं, एवढा एक शब्द होता. तो मला जड झाला.

जखम भरली नाही. पंधरा दिवसांनी मी गावी गेलो तर वहिनी दारातच म्हणाली, "भाऊजी, ह्येंचं काई खरं न्हाई. जेवाया बसले की गाल गळायलाय. भाकर चावली की कानाखालून पाणी येतंय, निर्मळ पाणी." दादानं तिला सांगितलं होतं, बाभळीखाली झोपलो होतो, काटा घुसला. तिनं विश्वास ठेवला. मेंढरामागं हिंडणाऱ्याला काटा लागणं म्हणजे आश्चर्य नव्हे. तिनंच हट्ट धरला की परभणीला मोठ्या डॉक्टरला दाखवा, भाऊजींना सोबत न्या, त्यांना दवाखान्यातलं समजतं.

परभणीच्या बसस्टँडवर उतरल्यावर दादानं मला बाजूला घेतलं. "तू काई बोलू नको. काटाच लागला म्हणायचं. सरकारी हत्यारानं मानूस चिरला म्हणून कळलं तर तुला घरी बसवतील."

माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. हुकूम यायचा होता. "दादा, असं कसं," मी म्हणालो. एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. स्टँडपासून त्या खाजगी दवाखान्यापर्यंत पाऊण मैल चालत गेलो, तेवढ्या वाटेत दुसऱ्यांदा म्हणता आलं असतं.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं सगळं विचारलं. काटा कधी लागला, निघाला का, आत मोडला का. मग त्यानं विचारलं, "जखमेतून पू आला होता का?"

"आलता की," दादा म्हणाला. "लय आलता."

दादाला वाटलं, पू आला म्हटलं की काट्याची गोष्ट पक्की होते. त्याला काय माहीत, डॉक्टर त्या एका उत्तरावर सगळं जोखत होता. मला माहीत होतं. पू न येणारी टणक गाठ म्हणजे वेगळी चौकशी, हे जनावरांच्या दवाखान्यातला झाडूवालासुद्धा सांगतो. मी दादाच्या मागं दोन हातांवर उभा होतो. खिडकीबाहेर एक टांगेवाला घोड्याला पाणी दाखवत होता, त्याच्याकडं मी बघत राहिलो. डॉक्टरनं काट्याचं टोक शोधायला सळई घालून बघितली. मग पेनिसिलीनची इंजेक्शनं, एक दिवसाआड पट्टी. जखम थोडी सुकायची, पुन्हा गळायची. आम्ही म्हणायचो, गुण येतोय. यात दोन महिने गेले.

दोन महिन्यांनी जबड्याखाली गाठी लागल्या. हरभऱ्याएवढ्या, मानेवरून खाली ओळीनं तीन. त्या मीच पहिल्यांदा चाचपल्या. डॉक्टरनं बोट लावलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं जखमेच्या काठाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कागद आला तेव्हा दादाला बाहेर बसवून त्यानं मला सांगितलं. लाळ तयार करणारी एक ग्रंथी कानापुढं असते, तिचा कॅन्सर. जेवताना गळणारं ते निर्मळ पाणी लाळ होती. औरंगाबादला जा, आता इथं वेळ घालवू नका, असं तो म्हणाला. वेळ कुणी घालवला होता हे त्याला ठाऊक नव्हतं. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो झटकावासा वाटला.

मानवत रोड स्टेशनवर औरंगाबादच्या गाडीत बसलो. दादा खिडकीशी बसून रानातली मेंढरं बघत होता, कुणाची असतील ते ओळखायचा प्रयत्न करत होता. त्याला मी एवढंच सांगितलं होतं की गाठ वाईट आहे, काढावी लागेल.

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातला सर्जन परभणीच्या डॉक्टरसारखा मऊ नव्हता. त्यानं चिठ्ठी वाचली, दादाची मान उजेडाकडं वळवली आणि व्रणावर बोट फिरवलं.

"काटा?" तो म्हणाला. "काटा अशी सरळ रेघ मारत नाही. ही धारेच्या हत्यारानं दिलेली चीर आहे. कुणी दिली?"

बरोबर शिकाऊ डॉक्टर होते, नर्स होती. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण दादा माझ्याआधी बोलला.

"मीच चिरलं, सायब. मेंढराची लोकर कातरतो त्या कातरीनं."

मग सर्जननं त्याला सगळ्यांसमोर झाडलं. अडाणी आहात, स्वतःच्या हातानं स्वतःचा घात करता आणि वर खोटं बोलता, म्हणाला. दादा मान खाली घालून ऐकत होता. मेंढरंवाल्यांत त्याच्या शब्दाला चार गावांत किंमत होती, लग्नातल्या भांडणात लोक त्याला मधे घालायचे. तो माझा मार खात होता आणि मी त्याचं धोतर-पटका धरून सभ्य माणसासारखा उभा होतो.

दुपारी सर्जननं मला एकट्याला बोलावून काय करणार ते समजावलं. मला थोडं कळतं हे बघून त्यानं नीट सांगितलं. त्यानं पंजा पसरून स्वतःच्या गालावर ठेवला, मनगट कानाशी. चेहरा हलवणारी नस अशी पाच बोटांनी या ग्रंथीतून पसरते. गाठ अख्खी, तिच्या वेष्टणासकट आली असती तर एकेक बोट सोडवून नस वाचवायचा प्रयत्न करता आला असता. आता ती फोडलीय, आजूबाजूला सांडलीय, वरची चामडीसुद्धा गुंतलीय. चामडी, ग्रंथी, नस, सगळं काढावं लागेल. आणि मानेतल्या गाठी म्हणजे गाळण्या. वाहत आलेलं त्यांच्यात अडकतं. तीन हाताला लागतात म्हणजे न लागणाऱ्या किती असतील सांगता येत नाही, म्हणून त्या बाजूची मान जबड्यापासून गळ्याच्या हाडापर्यंत साफ करायची. मोठी शीर आणि मानेचा स्नायूही त्यात जाईल.

"त्या चिरेमुळं पसरलं का?" मी विचारलं.

"चेहरा जाणार तो चिरेमुळं. मानेतलं आधीच गेलं असेल किंवा या दोन महिन्यांत गेलं असेल. ते कुणीच सांगू शकणार नाही."

त्याला वाटलं यात दिलासा आहे. आजतागायत मी त्या दोन वाक्यांच्या मधे अडकून आहे. पहिलं मला पटतं आणि दुसऱ्याचा आधार घ्यायची लाज वाटते.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपार टळल्यावर संपलं. दादा वाचला. पण आमच्या घरी आला तो चेहरा दादाचा नव्हता. उजवा गाल लोंबत होता. त्या बाजूचा डोळा मिटत नव्हता. झोपताना वहिनी ओलं फडकं बांधायची. पाणी पिताना ओठाच्या कोपऱ्यातून सांडायचं, म्हणून तो चारचौघांत चहा घेईना. उजवा खांदा उतरला, हात डोक्याच्या वर जाईना. थकलेलं कोकरू खांद्यावर टाकायचं तर डाव्या हातानं ओढून घ्यावं लागायचं. आणि शीळ गेली. मेंढरं त्याच्या शिळेवर वळायची. पहिल्या दिवशी त्यानं ओठांचा चंबू करायचा प्रयत्न केला, नुसती हवा आली. मेंढरं पुढं चालत राहिली. तो हसला, तेही निम्म्याच तोंडानं. मी त्या दिवशी तिथं का गेलो होतो, कुणास ठाऊक.

त्याच महिन्यात माझा कायम झाल्याचा हुकूम आला. दादानं गावात साखर वाटली. मी नको नको म्हणत असताना वाटली. उजवा हात उचलत नव्हता म्हणून परात मला धरायला लावली आणि डाव्या हातानं चिमूट चिमूट देत घरोघर फिरला. "भाऊ पक्का झाला," म्हणायचा. त्या तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता, लोक दोनदा विचारायचे, तो दोनदा सांगायचा. परात धरून मी मागं मागं. इतकी गोड वस्तू वाटताना माणसाला स्वतःची इतकी शिसारी येऊ शकते, हे मला त्या दिवशी समजलं.

मला कुणी विचारेल, तेव्हा का नाही बोललास? हुकूम तर हातात आला होता. हेच तर. हुकूम यायच्या आधी नोकरीची भीती होती. आल्यावर ती भीती गेली, आणि मग दिसलं की आपण नुसत्या नोकरीसाठी गप्प नव्हतो.

औरंगाबादच्या सर्जननं विजेचे शेक घ्यायला मुंबईला जायला सांगितलं होतं. दादा गेला नाही. "लय झालं. मेंढरं कोन बघंल?" म्हणाला. वर्षभरानं गळ्याच्या हाडावर पुन्हा गाठी आल्या, मग खोकला लागला. तो फार दिवस राहिला नाही. शेवटच्या आठवड्यात मी रजा काढून त्याच्याजवळ बसायचो. एकदा मी म्हणालो, "दादा, मी वहिनीला सांगतो." त्यानं मान हलवली, नाही म्हणून. "तिला तुझाच आधार हाय आता," म्हणाला. म्हणजे जाता जाताही त्यानं माझी सोय लावली. मला त्याचा राग येतो. इतका चांगुलपणा दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून जाऊ नये माणसानं.

गावात ठरून गेलं की कॅन्सरला लोखंड लागलं म्हणून तो पसरला. लोखंड म्हणजे औरंगाबादच्या सर्जनचं. ऑपरेशन केलं नसतं तर दादा आणखी वीस वर्षं जगला असता, असं पारावर लोक सांगायचे. ज्या माणसानं सहा तास उभं राहून त्याला वर्षभर दिलं, त्याला शिव्या. आणि मला अजून डॉक्टर म्हणायचे. मेंढरं घेऊन यायचे. मी चिरायचो.

दोन वर्षं गेली. वहिनी मेंढरं सांभाळत होती. एका पावसाळ्यात ती माझ्या घरी आली, पदर बाजूला केला आणि जबड्याखाली बोट ठेवलं. गाठ होती, बोराएवढी.

"मला कुठं नेऊ नका," ती म्हणाली. "त्यांची काय दशा केली ती बघितलीय मी. लोखंड लावायचंच तर तुमी लावा. तुमचा हात हलका हाय. तवा ते तुमच्याकडं आले असते तर आज असते."

मी गाठ चाचपली नाही. हात मागं घेतला आणि तिला सांगितलं. फाट्याजवळचं शेत, पोतं, चीर, दोन्ही अंगठे. आता सांगितलं नाही तर ही दवाखान्यात जाणार नाही, एवढं एकच मला दिसत होतं. ती जमिनीकडं बघत ऐकत होती. मला वाटलं, ओरडेल, ऊर बडवेल. तिनं विचारलं, "अन् पू?"

"पू आला नव्हता."

"परबनीच्या डाक्टरनं इचारलं, तवा आलता म्हणून ह्येंनी सांगितलं. मला घरी येऊन बोलले व्हते. तवा तुमी व्हते तिथं?"

"होतो."

चिरण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. उठली, डोक्यावर पदर घेतला. माझी बायको चहा घेऊन आली होती, तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परभणीच्या गाडीला उभी होती. मला कळवलं नव्हतं, पण ती जाईल असं वाटून मी स्टँडवर गेलोच होतो. गाडीत ती पुढं बायकांत बसली, मी मागं. दवाखान्यात रांगेत उभं राहून मी केसपेपर काढला आणि तिच्या मागं उभा राहिलो. डॉक्टर तोच होता. त्यानं गाठ बघितली, मग तोंड उघडायला लावलं. दाढ किडली होती, तिच्यामुळं गाठ सुजली होती. दाढ काढा, आठवडाभर गोळ्या घ्या, गाठ जाईल, म्हणाला. इतकी साधी गोष्ट होती.

तो चिठ्ठी लिहू लागला. "गोळ्या कशा घ्यायच्या ते नीट समजून घ्या. सोबत कोण आलंय?"

मी हात पुढं करून केसपेपर टेबलावर ठेवत होतो. माझी बाही तिच्या खांद्याला लागली. ती सरकली नाही, वळलीही नाही.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "मलाच सांगा."